रंग कसा काढायचा ते कुणी सांगितले नाही

ज्यांच्या घरात जुन्या, जाड रंगाची दारे आहेत आणि त्याच घरात दात येणारे मूल आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. सोलापूरला मराठी सातवीपर्यंत शिकले, हाताला लागतील ती पुस्तके वाचली आणि लग्न होऊन निजामाच्या हद्दीत अणदूरला आले. आता निजामाचे राज्य गेले. गावातली दारे मात्र तीच आहेत.

लिहायला वेळ लागतो. उजवे मनगट अजून भरवशाचे नाही. अर्ध्या पानानंतर टाक खाली ठेवावा लागतो. माझी मुलगी रंगामुळे गेली असे सगळे म्हणतात. मी म्हणते, ती रंग काढल्यामुळे गेली. या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेवढेच मला सांगायचे आहे.

दारे

आमच्या घरी भुसार मालाचा व्यापार. सासऱ्यांना सारे गाव आप्पा म्हणते, मीही आप्पाच म्हणते. सासूबाई म्हणजे अव्वा. आम्ही लिंगायत, घरात निम्मे मराठी, निम्मे कानडी बोलणे. थोरले दीर आणि जाऊबाई, त्यांना मूल नाही. मग आम्ही दोघे, आमची लीला, तिच्यापाठचा रांगता बसू, आणि लग्नाला आलेले धाकटे दीर.

आप्पांना दारांचा फार अभिमान. घरात लग्न निघाले की दारांना, खिडक्यांच्या गजांना, झोपाळ्याला, पाळण्याला रंगाचा नवा हात बसायचा. खाली सफेदा, वर हिरवा. आप्पांच्या स्वतःच्या लग्नापासूनचे सगळे हात एकावर एक चढलेले होते. कडेचा टवका उडाला की आत पांढऱ्या-हिरव्या रेघा दिसत.

धाकट्या दिरांचे लग्न ठरले तेव्हा लढाई चालू होती आणि रंगाचे डबे सोलापुरातही मिळत नव्हते. आप्पांनी तोड काढली. वखारीची जुनी दारे खरवडून त्यांनी रंगाचे पोपडे गोळा केले, ते जवसाच्या तेलात वाटून घेतले आणि त्याचाच खालचा हात दिला. वाटायला स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा नेला.

“असा सफेदा आता इलायतेतबी गावायचा न्हाय,” लग्नाला आलेल्या पाहुण्यांना दारावर थाप मारून आप्पा सांगत. “लोक टाकून देत्यात. म्या वाटून लावला.”

पाहुणे माना डोलवत. काहींनी तर आपल्या घरी जाऊन तसेच करायचे ठरवले.

काम झाल्यावर जाऊबाईंनी पाटा राखेने घासला, कढत पाण्याने धुतला आणि पुन्हा चुलीशेजारी मांडला. पाट्याला टाकी लावलेली असते. त्या बारीक खड्ड्यांत काय उरले ते कुणाला दिसणार? दुसऱ्या दिवसापासून त्याच पाट्यावर शेंगांची चटणी होऊ लागली.

आमच्याकडे धाकटी सून सगळ्यांच्या मागून जेवते, आणि नवी जाऊ अजून माहेरीच असल्याने धाकटी मीच होते. तोवर आमटीचे भांडे कोरडे झालेले असते. उरते ती कडक भाकरी आणि चटणी. लीलाला माझ्याच ताटात जेवायची सवय होती. सफेदा म्हणजे शिशाचा रंग; त्यातले सगळ्यांत जास्त शिसे आम्हा मायलेकींच्या पोटात गेले ते एवढ्याच कारणाने. त्यात दैव वगैरे काही नव्हते.

पोट

आधी पोट दुखू लागले. बेंबीभोवती कुणीतरी सुंभ आवळून गाठ मारावी तसे. चार-चार दिवस शौचाला होत नसे. तोंडाला तांब्याचा पैसा चोखल्यासारखी चव. गावातल्या वैद्यांनी एरंडेल दिले, मग आणखी एरंडेल दिले.

“गिरणीचं पाणी प्यालेलं अंग,” अव्वा म्हणायच्या. “जवारीची भाकरी कशी पचंल? सोलापूरच्या लोकास्नी पाव लागतो.”

जाऊबाई हसायच्या. मलाही सुरुवातीला हसू यायचे. आमच्या माहेरी पाव कधी आला नव्हता.

लीला किरकिरी झाली होती. जेवायला नको म्हणे आणि दिवसभर खिडकीपाशी उभी राहून गजाला दात लावी. तिला तिथून बाजूला केले की ती झोपाळ्याच्या फळीकडे जाई. दाढा येत असतील असे सगळे म्हणाले.

एका सकाळी तव्यावरची भाकरी उलथताना माझा पंजा मनगटातून खाली पडला. पडला म्हणजे लोंबू लागला. उचलावा म्हटले तर उचलेना. भाकरी जळली.

“घ्या! आता हाताचीबी सोंगं निघाली,” अव्वा ओसरीवरून म्हणाल्या.

हे धुराच्या वासाने आत आले. हे म्हणजे माझे यजमान. त्यांनी माझा हात उचलून सरळ धरला आणि सोडला. तो पुन्हा पडला. त्यांनी परत तसेच करून पाहिले. मग बाहेर जाऊन आप्पांना म्हणाले, “उद्याच्या मोटारीनं मी हिला सोलापूरला न्हेतो.” विचारून नव्हे, सांगून. आप्पांपुढे असे बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकले.

हिरड्या

सोलापूरच्या दवाखान्यात बायकांच्या भागाला एक मराठी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोटाला हात लावायच्या आधी माझा लोंबता हात पाहिला आणि म्हणाल्या, “तोंड उघडा. ओठ खाली ओढा.”

मी ओढला. त्यांनी मला खिडकीकडे वळवले आणि बराच वेळ पाहिले.

“मालक कुठं कामाला आहेत? छापखान्यात?”

“भुसार दुकान हाय आमचं,” हे म्हणाले.

“घरात रंगारी आहे कोणी?”

“रंगारी न्हाईत, बाई. रंग मात्र लई हाय.” हे हसले. ते हसणे मला आठवते, कारण त्यानंतर ते बराच काळ हसले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी आरसा दिला. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठाने, शाईच्या टाकाने ओढावी तशी काळसर निळी रेघ होती. मी रोज मिश्री लावत नाही. तरी ती रेघ मला मिश्रीचीच वाटली असती.

“हे शिसं आहे,” त्या म्हणाल्या.

“बंदुकीच्या गोळीतलं?” ह्यांनी विचारले.

“तेच. गोळी लागावी लागत नाही. पोटात थोडं थोडं गेलं तरी चालतं त्याला.”

मग त्यांनी घराची सगळी चौकशी केली. पाट्याचे ऐकल्यावर त्यांनी हातातला टाक बाजूला ठेवला. लीलाला मांडीवर घेऊन तिच्या हिरड्या पाहिल्या. पुसट, पण तिलाही होती.

मला त्या दिवशी भीतीपेक्षा बरेच वाटले, हे खरे सांगते. सोंग नव्हते. दुखण्याला नाव होते आणि ते दिसत होते. मी आरसा परत द्यायला तयार नव्हते.

“हिला इथं ठेवा,” डॉक्टरीणबाई ह्यांना म्हणाल्या. “बाळाला अंगावरचं दूध बंद. मुलीला भरपूर दूध द्या आणि त्या घरापासून लांब ठेवा. पाटा फेकून द्या. आणि घरातला रंग काढून टाका.”

इतकेच. शेवटची दोन वाक्ये मी शब्दशः लिहिली आहेत.

खाट

दवाखान्याचा दिवस पहाटेच्या थर्मामीटरने सुरू होई. मग जुलाबाचे मीठ, मग दूध, मग दूध, मग दूध. पंजाला लाकडी पट्टी बांधलेली असे. पोटातली कळ आली की मी खाटेची लोखंडी दांडी डाव्या हाताने धरायची; त्या दांडीलाही पांढरा रंग होता, आणि एका दुपारी ते लक्षात येऊन मी हात असा मागे घेतला की शेजारच्या खाटेवरच्या हमीदाबी उठून बसल्या.

“क्या हुआ बेटी? विंचू?”

“रंग आहे.”

हमीदाबी नळदुर्गच्या. पित्ताच्या खड्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी माझी सगळी हकीगत ऐकली आणि विचार करून म्हणाल्या, “अल्लाची मेहेरबानी. आमच्या घराला दारच नाय, गोणपाट हाय. शिसं येणार कुठनं?” मग त्या इतक्या हसल्या की खड्यांची कळ आली आणि नर्स आम्हा दोघींना रागावली. पुढे माझी वेणी त्याच घालीत, कारण मला घालता येत नव्हती. डोक्याला तेल लावताना पुटपुटत, “बडे घर की बहू, और खाना आखिर में.” त्यांना कुणी काही समजावून सांगावे लागले नव्हते.

दोन्ही मुले माझ्या आईकडे, सोलापुरातच होती. आई रोज संध्याकाळी त्यांना घेऊन येई. लीलाच्या गालांवर दूध दिसू लागले होते. मला वाटले, संपले हे.

न्यायला आले

मार्गशीर्ष संपत आला होता. आमच्या गावचे देव या दिवसांत नळदुर्गला असतात. खंडोबाची मूर्ती एकच. वर्षातला बराच काळ ती अणदूरला आणि थंडीचे काही आठवडे नळदुर्गला. पौषी पौर्णिमेची जत्रा आटोपली की देव परत गावात येतात. देव यायच्या आत गावातली घरे सारवून, पोतेरे फिरवून स्वच्छ झालेली असावीत असा रिवाज आहे. आमच्या घरी तो फार कडक पाळला जाई.

एका दुपारी हे आणि अव्वा दवाखान्यात आले. अव्वा खाटेच्या कडेला बसल्या, माझ्या पट्टीकडे बघितले नाही.

“लीलाला न्यायला आलोय,” त्या म्हणाल्या.

“घरातला रंग निघाला का?”

“निघायलाच लागलाय की. आप्पांनी माणसं लावल्यात. देव यायच्या आत झाडून सगळा निघतोय.”

“मग पुरता निघाल्यावर न्या, अव्वा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय...”

“डाक्टरीण काय माझी सासू हाय?” अव्वांनी आवाज चढवला. “नात माझी हाय. सोयऱ्याच्या दारात किती दिस ठेवू? गावात इचारत्यात, पोरगी वाटंला लावली का म्हून. अन् बसू तान्हा हाय, ऱ्हाऊ दे त्याला. हिला तर दोन पाय हाईत.”

मी ह्यांच्याकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते. मी पुन्हा तेच म्हणाले. पलंगावरून उतरले, डॉक्टरीणबाईंना बोलवा म्हणाले; त्या शस्त्रक्रियेच्या खोलीत होत्या. अव्वा तोवर उठल्या होत्या.

हमीदाबी मध्ये बोलल्या, “अम्मा, चार दिवस रहने दो ना पोरीला.”

“तुमी तुमच्या खड्याचं बगा,” अव्वा म्हणाल्या.

लीला मात्र खुशीत होती. तिला झोपाळा आठवत होता.

आठवडाभराचे काम

पुढचे मी पाहिलेले नाही. जाऊबाईंनी नंतर सांगितले, तेही एकदम नाही, तुकड्या-तुकड्याने, धान्य निवडता निवडता.

आप्पांनी दोन गडी लावले होते. त्यांनी विळ्याने आणि खापरांनी दारे कोरडीच खरवडली. जिथे रंग हटेना तिथे रॉकेलचा पलिता धरून तो फुगवला आणि मग ओरबाडला. थंडी कडाक्याची, म्हणून माजघराची बाहेरची दारे लावून घेतलेली. आत धुराचा गोडसर वास आणि हवेत पिठासारखी धूळ. जाऊबाई रोज दोन वेळा केरसुणीने झाडत. जेवढी झाडावी तेवढी ती उडे आणि पुन्हा बसे. खरवडलेले पोपडे न्हाणीच्या चुलीत गेले. आप्पा म्हणाले, तेलाचा माल आहे, चांगला पेटेल. त्या पाण्याने सगळे न्हाले. शेवटी जमिनीत उरलेल्या धुळीवर शेणाचा सडा घालून, सारवण करून घर चकचकीत केले.

लीला माजघरातच निजत होती. रांगोळी म्हणून ती पांढरी भुकटी बोटाने जमिनीवर ओढायची आणि बोट चाटायची. जाऊबाईंनी दोनदा चापट दिली म्हणे.

तिला उलट्या होऊ लागल्या. मग चालताना झोकांड्या. कपाळाला भंडारा लावला, वैद्य झाले, दृष्ट काढली. देव गावात आले त्याच दिवशी तिला पहिला झटका आला.

हे तिला घेऊन सोलापूरला आले तेव्हा मी पायऱ्यांवरच होते, मला त्या दिवशी घरी सोडणार होते. तिचे डोळे उघडे होते. तिने मला ओळखले नाही. डॉक्टरीणबाईंनी जे होते ते सगळे केले. तेव्हा फारसे काही नव्हतेच. दुसऱ्या दिवशी ती गेली.

अणदूरच्या आमच्या मळ्यात, बांधाच्या आत, तिला माती दिली. या प्रसंगाविषयी मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

सांगितले तसे केले

तेरवी-चौदावी आमच्याकडे नसते, पण माणसे येत राहिली. प्रत्येकाला आप्पा एकच सांगत.

“डाक्टरणीनं सांगितलं रंग काढा. म्या काढला. येक टवका ठिवला न्हाय. मग आनिक काय करायचं व्हतं?”

मला त्यांच्यावर ओरडायचे होते, आणि मला वाक्य सापडत नव्हते. कारण त्यांचे म्हणणे खरे होते. घरात हिरव्याचा मागमूस नव्हता. दारे ओकीबोकी, पलित्याने करपलेली, आणि माणसे म्हणत होती, आप्पांनी नातीसाठी केवढा खटाटोप केला.

मी पुन्हा सोलापूरला गेले, हात दाखवायला. डॉक्टरीणबाईंना विचारले, “कसा काढायचा ते तुम्ही का नाही सांगितलं?”

“मी औषध लिहिते तेव्हा किती, कशात, केव्हा, सगळं सांगते,” त्या म्हणाल्या. “रंगाचं दोन शब्दांत सांगितलं. खरवडून, जाळून, पोरीला आत निजवून काढतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“त्यांच्या डोक्यात दुसरं काय येणार होतं?”

“हो,” त्या म्हणाल्या.

त्या रडल्या असत्या तर मला बरे वाटले असते की नाही, ठाऊक नाही. त्या रडल्या नाहीत. त्यांनी मोठ्या दवाखान्यातून एक इंग्रजी पुस्तक मागवले आणि मला समोर बसवून परिच्छेद-परिच्छेद मराठीत सांगितला. मी ऐकून घेतले. ते असे आहे.

रंग धड असेल, टवके उडत नसतील, तर त्याला काढायच्या भानगडीत पडू नये. त्यावर दुसरा, शिसे नसलेला जाड थर द्यावा, किंवा मुलांच्या तोंडाच्या उंचीपर्यंत पत्रा नाहीतर फळी ठोकून तो झाकावा. खिडकी-दाराच्या घासणाऱ्या कडा आधी पाहाव्यात. भुकटी तिथेच पडते. काढायचाच असेल तर लेकुरवाळ्या, पोटुशा बायका आणि मुले आधी दुसऱ्या घरी पाठवावीत आणि सगळे धुऊन होईपर्यंत परत आणू नयेत. रंग ओला करावा, ओलाच खरवडावा, पुन्हा पुन्हा पाणी मारीत. विस्तव जवळ आणू नये, पलिता नको, दिवटी नको. खाली ओले गोणपाट अंथरावे आणि पोपड्यांसकट गुंडाळून उचलावे. झाडू मारूच नये; ओल्या फडक्याने पुसावे, पाणी बदलावे, पुन्हा पुसावे. काम करणाऱ्याने तोंडाला ओले फडके बांधावे, हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये, आणि कामाचे कपडे घरात न आणता वेगळे धुवावेत. जे निघेल ते चुलीत घालू नये, उकिरड्यावर टाकू नये, कुणाला देऊ नये. विहिरीपासून लांब, उंचवट्यावर खोल पुरावे.

मातीची जमीन असेल तर ती सारवल्याने धूळ जात नाही. ती तिथेच राहते.

हे शेवटचे वाक्य पुस्तकात नव्हते. ते डॉक्टरीणबाई आणि मी, दोघींनी मिळून ताडले.

अट

माझा मुक्काम माहेरी लांबला तसे आप्पा स्वतः सोलापूरला आले. आईच्या ओसरीवर बसले, पाणी प्याले, पगडी मांडीवर ठेवली. बसू त्यांच्या काठीशी खेळू लागला.

“पोराला कदी आणतीस?” त्यांनी विचारले.

“घर नीट झाल्यावर.”

“घर नीटच हाय. रंग कुठंय आता?”

“जमिनीत आहे, आप्पा. माजघराची, स्वैपाकघराची, ओसरीची जमीन ओली करून वरची वीतभर माती काढावी लागेल. भिंतीही ओल्या फडक्यानं पुसाव्या लागतील. करपलेली दारं घरातून हलवावी लागतील. आणि पाटा.”

“पाटा का? धुतलाय की. रोज चटणी व्हतीय त्याच्यावर.”

मला हे माहीत नव्हते. माझी लीला गेल्यावरही त्या पाट्यावर रोज चटणी होत होती.

“तुमी शिकलेल्या बाया,” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. “तवाच येवढं सांगितलं असतंस तर?”

“तेव्हा मला सांगायलाच कुणी नव्हतं.”

“मंग माजी काय चूक?”

आजही माझ्याजवळ उत्तर नाही, आणि त्यांना माफही केलेले नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात, हे मला या दुखण्यात कळले.

“पोरगं तर आमचंच हाय,” उठता उठता ते म्हणाले.

“लीलाही तुमचीच होती,” मी म्हणाले. ते पगडी न घालताच पायऱ्या उतरले.

खड्डा

काम ह्यांनी केले. गडी लावले नाहीत. तोंडाला ओले फडके बांधून, रोज जमीन भिजवून, कुदळीने खणून, बैलगाडीत ओल्या गोणपाटाखाली माती घालून ते मळ्याच्या वरच्या टोकाला, विहिरीपासून लांब, खड्डा करून टाकत राहिले. गावात म्हणू लागले, बायकोनं याड लावलं. अव्वांनी पाटा द्यायला साफ नकार दिला. घरातल्या प्रत्येक लेकराची पाचवी त्याच पाट्यावर पुजली होती. त्या देवळात गेलेल्या असताना ह्यांनी घणाने त्याचे तुकडे केले. तेव्हापासून अव्वा ह्यांच्याशी बोलत नाहीत. माझ्याशी त्या आधीपासूनच बोलत नव्हत्या.

चौकटी भिंतीतच ठेवल्या आणि त्यांवर पत्रा ठोकून घेतला. उरली ती दारांची, खिडक्यांची फळकुटे, झोपाळा आणि पाळणा. फळ्यांच्या चिरांमध्ये सफेदा दातात भाकरी अडकावी तसा बसला होता. तो निघत नव्हता.

बसूला आणायच्या आधी मी एकटी घर पाहायला आले, त्या दिवशी आमचे शेजारी मलप्पा अंगणात आप्पांशी बोलत होते. त्यांच्या सुनेचे बाळंतपण जवळ आले होते.

“सागवानी माल हाय, आप्पा. न्हाणीला जळाण हुईल. अन् पाळणा तर धडच हाय. तुमास्नी नकोच तर मला द्या.”

आप्पांनी मान हलवली. दिलाच म्हणायचा.

मी डोक्यावरचा पदर ओढला आणि सासऱ्यांच्या देखत, परक्या माणसासमोर पहिल्यांदा तोंड उघडले. “द्यायचं नाही. हे सगळं पुरायचं आहे.”

“लाकूड पुरत्यात व्हय?” मलप्पा हसले. “आमी माणसं पुरतो, बाय.”

“मला माहीत आहे,” मी म्हणाले.

हे गोठ्यातून बाहेर आले. त्यांनी पहिले फळकूट खांद्यावर घेऊन गाडीत टाकले.

आम्ही मळ्यात पोचेपर्यंत अर्धे गाव मागे आले होते. सागवानी दारे पुरताना बघायला कोण चुकवेल? बायका कडेवर मुले घेऊन, गडी बिड्या ओढीत, म्हातारे काठीवर रेलून. लीलाला माती द्यायला आली होती त्याच्या कितीतरी पट माणसे. त्या वेळी थंडी फार होती, असे नंतर पुष्कळांनी मला सांगितले होते.

दारे खड्ड्यात उतरली, मग झोपाळा, मग पाळणा. आप्पा लिंबाखाली पाठमोरे उभे होते.

“जंगमाला बोलवायचा का रं?” मलप्पा मोठ्याने म्हणाले. “दोन मंत्र म्हणंल दारासाठी!”

लोक हसले. ह्यांचा हात फावड्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. खड्ड्यातून करपलेल्या रंगाची बारीक भुकटी वाऱ्यावर उठत होती आणि पुढच्या रांगेत मुले होती.

“मुलांना मागं घ्या,” मी म्हणाले. “आणि पाणी आणा. धूळ उडतेय.”

कुणी हलले नाही. तेव्हा मीच विहिरीवर गेले, घागर भरून आणली आणि खड्ड्यावर हळूहळू ओतली. मग आणखी एक. भुकटी बसली, लाकडे काळी पडली, तेव्हा ह्यांना माती लोटायला सांगितले. खड्डा भरून, तुडवून, पुन्हा पाणी मारून झाल्यावर मी हात धुतले, लुगडे बदलले आणि बसूला आणायला सोलापूरची मोटार धरली.